चालणाऱ्या माणसाचे पाय

प्रिटोरियाजवळच्या आयरीन गावी यान स्मट्स यांचे शेतघर होते. बोअर युद्धातला हा सेनानी पुढे दक्षिण आफ्रिकेचा पंतप्रधान झाला. उन्हाळा लागला की शेतावर वावरताना ते चामड्याच्या चपलांचा एक जोड वापरत. हा जोड कुठल्या दुकानातला नव्हता. स्मट्स यांच्याच सरकारने ज्याला पुन्हा पुन्हा तुरुंगात टाकले, त्या हिंदी वकिलाने तो तुरुंगात बसून शिवला होता आणि 1914 मध्ये आफ्रिका सोडताना स्मट्सना भेट दिला होता. गांधीजींच्या सत्तरीनिमित्त 1939 मध्ये लिहिलेल्या लेखात स्मट्सनी कबूल केले, की आपण त्या चपला कित्येक उन्हाळे वापरल्या.

गांधीजींचा चश्मा, चरखा, घड्याळ, उपास यांवर भरपूर लिहिले गेले आहे. त्यांच्या पायांचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. वास्तविक त्यांचे राजकारण बरेचसे पायांवरच उभे होते. साठी उलटल्यावर ज्यांनी साडेतीनशे किलोमीटरहून जास्त अंतर चालून मीठ उचलले आणि सत्याहत्तराव्या वर्षी जे अनवाणी गावोगाव फिरले, त्यांचे पाय जन्मजात पोलादी असावेत असे आपल्याला वाटते. तसे नव्हते. त्या पायांनी एकदा चांगलाच दगा दिला होता, आणि त्यात चूक पायांची नव्हती.

राजकोटच्या शाळेत मोहनदासला व्यायामाच्या तासाचा कंटाळा होता. क्रिकेट आणि कसरतीही त्याला आवडत नसत. मोकळ्या हवेत लांब फिरणे चांगले असे कुठेतरी वाचनात आले आणि तो फिरू लागला. सवय लागली ती तिथे. 1888 मध्ये बॅरिस्टरीसाठी लंडनला गेल्यावर पैसे जपून वापरायची वेळ आली, तेव्हा त्याने कामाच्या ठिकाणांपासून अर्ध्या तासाच्या चालीवर खोली घेतली आणि गाडीभाडे वाचवले. दिवसाला आठ-दहा मैल चालणे होई. इंग्लंडमध्ये आपण फारसे आजारी पडलो नाही, याचे श्रेय ते पुढे या चालण्यालाच देत.

विशीत जे पाय रोज बारा-पंधरा किलोमीटर चालतात, त्यांची हाडे, स्नायू आणि अस्थिबंध त्या भाराला सरावतात. पावलात सव्वीस हाडे आणि तीसहून जास्त सांधे असतात. त्यांची मिळून तळव्याखाली एक कमान होते आणि टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला चिवट पडदा ती कमान धरून ठेवतो. हा पडदा रबरासारखा लवचीक नसतो. त्याला भाराची सवय आठवड्या-महिन्यांनी होते, दोन दिवसांत होत नाही. दहा महिने खुर्चीत बसायचे आणि मे महिन्यातल्या सहलीत सपाट चपला घालून दिवसभर भटकायचे, असे केले की सकाळी अंथरुणातून उतरताना टाचेत कळ येते ती यामुळे. तरुण मोहनदासने नकळत का होईना, हा सराव सावकाश केला होता.

चपलांची गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली. गांधीजींचे जर्मन ज्यू मित्र हर्मन कॅलनबाख व्यवसायाने वास्तुरचनाकार होते. डर्बनपासून जवळच मॅरियनहिल येथे ट्रॅपिस्ट पंथाच्या साधूंचा मठ होता. तिथे जाऊन कॅलनबाख चपला शिवायला शिकले, त्यांच्याकडून गांधीजी शिकले आणि गांधीजींनी ते आश्रमातल्या इतरांना शिकवले. वैष्णव वाण्याच्या घरात जन्मलेल्या, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाने चामडे हातात धरणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. 1911 च्या सुमारास तर त्यांचा बराच वेळ यातच जाई. पंधराएक जोड त्यांनी तोवर तयार केले होते.

1910 मध्ये कॅलनबाख यांनी जोहान्सबर्गपासून 21 मैलांवर अकराशे एकर जमीन घेऊन सत्याग्रहींच्या कुटुंबांना राहायला दिली. हेच टॉलस्टॉय फार्म. खासगी कामासाठी शहरात जायचे तर पायी जायचे, असा तिथला नियम होता. रात्री दोन-अडीचला निघायचे आणि सकाळी पोहोचायचे. बहुतेकांना सहा-सात तास लागत. एकाने हे अंतर 4 तास 18 मिनिटांत कापल्याची नोंद गांधीजींनी केली आहे. चौतीस किलोमीटरचे हे अंतर त्या वेगाने चालून बघितल्याशिवाय त्याचा अर्थ कळायचा नाही. पहाटेच्या गारव्यात निघण्यामागे शहाणपण होते. उन्हात त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गुरुत्वाकर्षणाने द्रव खाली साचतो आणि पावले सुजतात. सकाळी नीट बसलेली चप्पल संध्याकाळी आवळते, याचे कारण हेच. म्हणून उन्हाळ्यासाठी चप्पल घ्यायची तर संध्याकाळी घ्यावी, दोन्ही पायांत घालून, दुकानात चार फेऱ्या मारून. नवी कोल्हापुरी पहिल्याच दिवशी लग्नाच्या वरातीत घालून जाणाऱ्यांना ती का चावते हे वेगळे सांगायला नको. ती आधी घरात रोज तासभर घालून पायाच्या आकाराला आणावी लागते.

1913 च्या नोव्हेंबरात गांधीजी नाताळमधल्या खाणमजुरांना घेऊन ट्रान्सवालकडे चालत निघाले. 2037 पुरुष, 127 स्त्रिया आणि 57 मुले. दिवसाला माणशी दीड पौंड पाव आणि थोडी साखर, एवढाच शिधा. त्यांना वाटेत तीनदा अटक झाली. पुढे गोळीबारात मजूर मारले गेल्यावर त्यांनी मजुरांचाच वेश घेतला आणि डिसेंबरात डर्बनच्या सभेत ते अनवाणी उभे राहिले. पायांत काय घालायचे आणि काय नाही, याला त्यांच्या लेखी तेव्हापासून राजकीय अर्थ आला.

नंतरचे वर्ष डॉक्टरच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचे. 1914 मध्ये आश्रमातल्या काही जणांच्या वागणुकीचे प्रायश्चित्त म्हणून गांधीजींनी चौदा दिवसांचा उपास केला. उपास सुटल्यावर लवकर ताकद यावी म्हणून ते चालायला लागले. पिंढऱ्यांत असह्य वेदना सुरू झाल्या. दुसरा कोणी असता तर थांबला असता. गांधीजींनी चालणे सोडले नाही. चालण्याने आजवर प्रत्येक वेळी बरेच वाटले होते, मग या वेळी का नाही, असा त्यांचा हिशेब असावा. जुलैत कस्तुरबा आणि कॅलनबाख यांच्यासह ते गोखल्यांना भेटायला इंग्लंडच्या बोटीत बसले. डेकवर फिरल्याने अन्न पचेल म्हणून तिथेही फेऱ्या सुरूच. वेदना वाढल्या. 6 ऑगस्टला लंडनला पोहोचेपर्यंत युद्ध सुरू होऊन दोन दिवस झाले होते आणि गांधीजींची प्रकृती आफ्रिकेत होती त्याहून खालावली होती.

लंडनमध्ये त्यांना जीवराज मेहता हे तरुण डॉक्टर भेटले. हेच पुढे परळच्या केईएम रुग्णालयाचे आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले डीन झाले आणि नंतर गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. मेहतांनी उपासाची आणि वेदनेची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि सांगितले, की काही दिवस पूर्ण विश्रांती घेतली नाही तर पाय कायमचे निकामी होण्याची भीती आहे.

आजच्या ज्ञानाने या घटनेकडे पाहिले तर मेहतांचा सल्ला किती अचूक होता हे कळते. दोन आठवड्यांच्या उपासात शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळते. शरीरातले पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम यांचे साठे रिकामे होतात, आणि पुन्हा खाणे सुरू झाले की रक्तातले उरलेसुरले क्षारही पेशींत ओढले जातात. त्या काळात गांधीजींचा आहार फळे आणि सुक्या मेव्याचा होता. भुकेल्या, झिजलेल्या स्नायूंकडून काम घेतले तर त्यांचे तंतू तुटतात. पिंढरीचे स्नायू एरवीही दुहेरी काम करतात. प्रत्येक पावलागणिक ते आकुंचन पावून पायातले अशुद्ध रक्त वर ढकलतात. ते थकले की पाय जड होतात. नेमके काय बिघडले होते, हे शंभराहून जास्त वर्षांनी छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण श्रमाने येणारा थकवा आणि इजेची वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गांधीजींनी त्यांत गल्लत केली होती, एवढे नक्की. थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. वेदना दुसऱ्या दिवशी पहिल्याच पावलाला परत भेटते, आणि चालाल तशी वाढते. एकाच पायाची पिंढरी सुजून गरम आणि टणक झाली तर ती रक्ताची गुठळीही असू शकते. तिथे चोळणे आणि चालणे दोन्ही थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते.

उपास करण्यापेक्षा तो सोडताना जास्त सावधपणा लागतो, हा धडा त्यातून घेतल्याचे गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे. धडा घेतला तो खाण्याबद्दल. पायांबद्दल घेतला का, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. कारण 1915 च्या फेब्रुवारीत गोखले पुण्यात वारले आणि त्यांच्या शोकात गांधीजींनी वर्षभर अनवाणी राहण्याचे व्रत घेतले. त्या वर्षी ते तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून देशभर फिरत होते. हरिद्वारचा कुंभमेळाही त्यातच आला. तळव्याच्या कातडीला तैलग्रंथी मुळीच नसतात, घामाच्या ग्रंथी मात्र दाट असतात. त्यामुळे कोरड्या, तापलेल्या धुळीत अनवाणी चालणाऱ्याची टाच जाड होते आणि मग फाटते. उघड्या टाचेच्या चपलेतही तेच होते, कारण टाचेखालची चरबीची गादी भाराने बाजूला पसरते आणि कोरडी कड तडकते. उपाय जुनाच आहे. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवायचे, पुसून ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा तेल चोळायचे आणि सुती मोजे घालून झोपायचे. काशाच्या वाटीने तळपाय घासून घेण्याने बरे वाटते ते चोळण्यामुळे. वाटी काशाची नसली तरी चालते. ब्लेडने भेगा तासणे मात्र कोणीही करू नये.

1930 च्या दांडीयात्रेत दिसतात ते वेगळे गांधीजी. इथे हट्टाला हिशेबाची जोड आहे. 12 मार्चला साबरमतीहून 78 सोबती घेऊन ते निघाले. वय साठ वर्षे पाच महिने, सगळ्या तुकडीत सर्वांत जास्त. सुमारे 240 मैल म्हणजे 385 किलोमीटर अंतर 24 दिवसांवर वाटले होते. सकाळी ऊन चढायच्या आत एक टप्पा, दुपारी मुक्काम, संध्याकाळी दुसरा टप्पा. दिवसाला साधारण पंधरा-सोळा किलोमीटर. सोमवार त्यांचा मौनवार असे, त्या दिवशी चालणे बंद. वाटेत असे तीन सोमवार आले. ही विश्रांती मौनासाठी होती, पण पायांना तिचा उपयोग झालाच. स्नायूंची आणि कातडीची डागडुजी चालताना होत नाही, बसल्यावर होते. हातात काकासाहेब कालेलकरांनी दिलेली वेळूची काठी होती. काठीने गुडघ्यावरचा आणि कमरेवरचा भार खरोखर कमी होतो. आपल्याकडे काठी घेणे म्हणजे म्हातारपण कबूल करणे असे मानून अनेक जण उगाच गुडघे झिजवतात. चालवले नाही तर बसायला बरोबर घोडा ठेवला होता. ते त्यावर बसले नाहीत.

गावकरी रस्त्यावर पाणी शिंपडून ठेवत आणि वर पाने पसरत. मार्चअखेरच्या गुजरातच्या उन्हात या स्वागतातून धूळ बसे आणि जमीन निवे. पंडित नारायण मोरेश्वर खरे भजने म्हणत चालत. तरीही विशी-पंचविशीतल्या काही सोबत्यांच्या पायांना फोड आले, काही जण आजारी पडले. यात नवल नाही. त्या वयात दम असतो, पण सरावलेली कातडी नसते. घामाने ओली त्वचा चपलेच्या पट्ट्याखाली सरकत राहिली की वरचा थर खालच्यापासून सुटतो आणि मध्ये पाणी भरते. तो फोड फोडला नाही तर खालची नवी कातडी त्याच्याच आडोशाने तयार होते. गांधीजी पुढे आणि तरुण मागे, हे चित्र सगळ्यांनी पाहिले. त्यामागे चाळीस वर्षांचे रोजचे चालणे होते. शरीराचे वजनही कमी. सत्तरीच्या सुमारास ते पाच फूट पाच इंच उंचीला 46.7 किलो भरले होते, म्हणजे वैद्यकीय मोजमापाने कमीच. पावलांना ते सोयीचे पडले, पण अनुकरणीय नाही.

पुढच्याच वर्षी गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला गेले आणि शरद-हिवाळ्यातही चपलाच घातल्या. त्याच वेशात बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्जच्या चहापानाला हजर राहिले. वर्तमानपत्रांना विषय मिळाला.

1936 मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामला राहायला आले. विदर्भातल्या त्या उन्हात सकाळ-संध्याकाळचे फिरणे चालूच होते. जवळच नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांचे चर्मालय होते. नैसर्गिक मरणाने मेलेल्या जनावरांचेच कातडे तिथे कमावत. गांधीजींचा तोच आग्रह होता.

सेवाग्रामच्या दिवसांतली एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. येरवड्याच्या तुरुंगात ओळख झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री 1939 मध्ये कुष्ठरोगाने जर्जर होऊन आश्रमात आले. लोक त्यांच्या सावलीलाही भीत. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ झोपडी बांधून दिली आणि रोज स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश केले. कुष्ठरोगात मज्जातंतू मरतात, मग पायाला काटा रुतला, चपलेतला खिळा घुसला, चटका बसला तरी कळत नाही. त्याच भागात मनोहर दिवाणांनी 1936 पासून दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले होते. बोटे झडतात ती रोगामुळे, असा लोकांचा समज होता. प्रत्यक्षात न कळलेल्या जखमा चिघळून ती जातात.

कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो, पण बधिर पाय कमी झालेले नाहीत. ते आता मधुमेहामुळे येतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. यांतल्या ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे, त्यांच्यासाठी गांधीजींचे अनवाणी चालणे आदर्श म्हणून ठेवणे धोक्याचे आहे. देवळाच्या तापलेल्या फरशीवर पाच मिनिटे चालून तळव्याला फोड आलेला आणि दोन दिवसांनी मोज्यावर डाग दिसल्यावर तो कळलेला रुग्ण दर उन्हाळ्यात प्रत्येक सरकारी रुग्णालयात येतो. अशांनी दुपारी देवळात जाऊच नये, किंवा मोजे घालून जावे. चपलेला मागे पट्टा असावा. घालण्याआधी ती उलटी करून झटकावी. रोज रात्री आरशात तळवे पाहावेत, नजर कमी असेल तर नातवंडाला पाहायला सांगावे. कोमट पाणीही आधी कोपराने तपासावे, पायाने नव्हे. मलम बोटांच्या बेचक्यात भरू नये.

मग आले नोआखाली. 1946 च्या नोव्हेंबरात दंगलीने होरपळलेल्या पूर्व बंगालमध्ये गांधीजी पोहोचले. 2 जानेवारी 1947 रोजी श्रीरामपूरहून त्यांनी गावोगावची पदयात्रा सुरू केली आणि चपला काढून ठेवल्या. वय सत्याहत्तर. रक्तदाब अनेक वर्षे चढा. 1940 मध्ये तो 220/110 मोजला गेला होता. ओढ्यांवर बांबूचे डगमगते साकव होते. ते ओलांडण्याचा सराव त्यांनी आधी करून घेतला. हिवाळ्याच्या पहाटे दव पडलेल्या गवतातून वाट जाई. विरोधकांनी तिच्यावर काचा, काटे, कधी घाण टाकून ठेवलेली असे. पावले फाटली, रक्त आले. मनू संध्याकाळी पाय धुऊन जखमा बघे. दोन महिन्यांत 47 गावे आणि 116 मैल झाले.

डॉक्टर म्हणून या यात्रेला कोणी संमती दिली नसती. धनुर्वाताची लस सर्रास मिळत नव्हती, प्रतिजैविके दुर्मीळ होती, आणि एका चिघळलेल्या टाचेने ती यात्रा संपू शकली असती. गांधीजींना हे कळत नव्हते असे नाही. आगाखान पॅलेसमधल्या नजरकैदेत त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहून झाले होते. 1914 मध्ये त्यांनी पायांचे ऐकले नाही ते गैरसमजाने. 1947 मध्ये ऐकले नाही ते ठरवून. ज्या लोकांची घरे जळली होती, त्यांच्या मातीवरून चपला घालून जायचे नाही, हा निर्णय शरीरशास्त्राच्या बाहेरचा होता आणि त्याची किंमत काय पडेल ते बघून त्यांनी घेतला होता.

30 जानेवारी 1948 रोजी संध्याकाळी दिल्लीत वल्लभभाईंशी बोलणे लांबले. प्रार्थनेला दहा मिनिटे उशीर झाला होता. आभा आणि मनू यांच्या खांद्यांवर हात ठेवून, चपला घातलेले गांधीजी हिरवळीवरून नेहमीपेक्षा भराभर निघाले. बिर्ला भवनात त्या शेवटच्या वाटेवर आता सिमेंटची पावले उमटवून ठेवली आहेत. खोलीपासून निघून ती प्रार्थनेच्या जागेकडे जातात आणि तिथे पोहोचण्याआधी संपतात.